पाचव्या उसाशाचं तोंड

सत्तारने सदरा काढून उंबराच्या फांदीला अडकवला, दोन्ही हात डोक्यावर ताणून धरले, छातीतला सगळा वारा सोडला आणि पाय खाली सोडत तो पाचव्या उसाशाच्या तोंडातून आत उतरला. कमर गेली, छाती गेली. खांदे एकदा इकडे, एकदा तिकडे केले, तेही गेले. दगडाच्या कडेला नुसते दोन पंजे उरले. मग आतून घुमल्यासारखा आवाज आला, "मावलो रं छगन."

भोवती जमलेल्या वीसेक माणसांना हायसं वाटलं. सरपंच आसारामांनी टोपी काढून उंबराला हात जोडले. छगन गवंड्याला तर हसूच फुटलं. ह्या तोंडातून कोण जाईल ह्याचीच आठ दिवस गावात चर्चा चालली होती, आणि शेवटी ज्याचं पिढीजात काम होतं तोच गेला.

सत्तारला वर ओढताना छगनने त्याला बगलेत धरलं. हाताला मांस लागलंच नाही, फासळ्या लागल्या, आणि अंग तव्यासारखं तापलेलं. छगन जरा थबकला. तेवढ्यात आसारामांनी विचारलं, "मग उद्या सकाळीच धरायचं ना काम?" आणि छगन दोर किती लागेल त्याचा हिशेब सांगण्यात गुंतला.

गावाचं नाव नळाची पिंपरी, नगरपासून पाच कोस. निजामशाहीत कुणा सरदाराने डोंगराच्या पायथ्याच्या विहिरीतून गावच्या हौदापर्यंत जमिनीखालून खापराचा नळ आणला होता, त्यावरून हे नाव पडलं. नळ वीतभर रुंदीचा, दीड पुरुष खोल. वारा खेळावा आणि नळ साफ करता यावा म्हणून वाटेत दगडी कूप बांधलेले होते. त्यांना गाव उसासे म्हणायचं. उसाशाच्या तळाला एक माणूस उकिडवा बसेल एवढी कुंडी. एका अंगाने नळ तिच्यात उघडायचा, दुसऱ्या अंगाने पुढे निघायचा. वर चुन्यातला घुमट आणि घुमटाच्या माथ्यावर अखंड काळी शिळा. त्या शिळेत कोरलेलं गोल तोंड भरायचं दोन वितींना चार बोटं कमी. बांधणाऱ्यांनी ते इतकं लहान का ठेवलं, हे कुणालाच सांगता येत नव्हतं.

नळ राखणं सत्तारच्या घराण्याकडे. सत्तार आणि छगन एका वयाचे. सत्तार उतरायचा, छगन वर दोर धरायचा, हे मिसरूड फुटायच्या आधीपासूनचं. पुढे तिशीत सत्तारचं अंग भरलं, खांदे रुंदावले आणि तोंडातून जाणं बंद झालं. त्याला आता पंधरा वर्षं झाली होती. मधल्या काळात गावात विहिरी झाल्या, त्यांवर इंजिनं बसली, नळाची आठवण कुणाला राहिली नाही. नाही म्हणायला आठ वर्षांपूर्वी छगनने चौथ्या उसाशाचं तोंड मोठं करायला घेतलं होतं. शिळेवर घणाचे पाच-सहा घाव बसले आणि सगळा घुमट आत बसला. छगन कसाबसा मागे उडी मारून वाचला. मग तिथे सिमेंटचा पाइप टाकून वर माती लोटली, आणि तेव्हापासून तिसऱ्या उसाशापासून पाचव्यापर्यंत नळात काय चाललंय हे बघायला वाट उरली नाही.

बहात्तर साली पाऊस झालाच नाही. त्र्याहत्तरचा चैत्र उजाडला तेव्हा गावातल्या सगळ्या विहिरींचे तळ तडकले होते. डोंगराखालच्या विहिरीत मात्र पाणी होतं, पण ती दीड कोसावर, आणि बैल सगळे छावणीला. बाया पहाटे निघायच्या त्या उन्हं डोक्यावर आल्यावर एक-एक हंडा घेऊन परतायच्या. हौदात नळाचं पाणी ठिबकत होतं, दिवसाला चार घागरी. कुठे अडलंय ते लांबून दिसत होतं. सगळ्या शिवारात हिरवं असं एकच झाड होतं, पाचव्या उसाशाजवळचा उंबर. पानं तकतकीत, खोडाला लगडून फळं. तो तोडायची गोष्ट कुणी काढली नाही. त्याच्या बुडाशी दत्ताच्या पादुका होत्या.

गाव दिवसभर दुष्काळी कामावर खडी फोडायचं, तिथली सुकडी खायचं, रेशनची लाल मिलो ज्वारी भाजून गिळायचं. सगळ्यांच्याच गळ्याची हाडं वर आलेली. त्या साली कुणी बारीक झालं, तर ती सांगायची गोष्ट नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी सत्तारची बायको मेहताब त्याच्याबरोबर उसाशावर आली. ती कामावर यायची नाही कधी. सत्तार आकडा आणि कोयती घासत बसला होता, तेव्हा ती छगनजवळ येऊन हळूच म्हणाली, "छगनभाऊ, त्यांना लई वेळ खाली ठिवू नका. खोकला हाय."

"धुरळ्याचा असंल भाभी. खडीवर सगळेच खोकत्यात."

"व्हय," मेहताब म्हणाली.  उंबराच्या सावलीत न बसता ती उन्हातच बसून राहिली.

आधी कंदील सोडला. ज्योत विझली नाही, म्हणजे हवा बरी होती. सत्तारच्या बगलेखालून दोर बांधला, दुसऱ्या दोराला डालडाचा रिकामा डबा. खुणा जुन्याच. एक हिसका म्हणजे डबा ओढ, तीन हिसके म्हणजे मला ओढ. सत्तार हात वर करून आत गेला आणि पहिला डबा लगेचच वर आला.

डब्यात मुळ्या होत्या. केसांच्या जटेसारख्या गुंतलेल्या, काळपट, टोकाला मात्र लाल आणि ओल्या. छगनने डबा पालथा केला तर मातीवर ओलीचा डाग पडला. बाया पुढे सरकल्या. झुंबरबाई, दोन वर्षांपूर्वी विधवा होऊन माहेरी आलेली, तिने त्यातला एक झुबका उचलला, मुठीत पिळला आणि खाली ओठ धरले. दोन थेंब आले असतील.  मग दुसरा डबा आला तेव्हा चार-पाच हात एकदम पुढे झाले.

उन्हं वर चढेपर्यंत तीस-पस्तीस डबे निघाले. मुळ्यांचा ढीग कमरेएवढा झाला आणि अजून नळाचं तोंड मोकळं झालं नव्हतं. इतकं सगळं एका वीतभर नळात मावलं कसं, हे छगनला कळेना. उंबर वर तसाच उभा होता. वारा नसताना त्याची फळं टपटप खाली पडत होती, आणि मुळी ओढली की एखादी फांदी हलतेय असं छगनला दोनदा वाटलं. त्याने तिकडे बघणं सोडून दिलं.

दुपारी खालून खोकला ऐकू यायला लागला. उसाशात तो घुमायचा आणि खाली दोन माणसं बसलीत असं वाटायचं. छगन पालथा पडून तोंडात डोकावला. "सत्तार, वर ये. दम घे जरा."

"आता मुसळ लागलंय," खालून आवाज आला. "मनगटाएवढ्या सात-आठ मुळ्या पीळ घालून बसल्यात. ह्ये निघालं की झालं."

थोडा वेळ कोयतीची करकर ऐकू आली. मग ती थांबली. बराच वेळ काहीच आवाज नाही.

"सत्तार?"

"छगन, पलीकडं बोलतंय."

"कोन बोलतंय?"

"पानी. मुळीला कान लावलाय. आत लांबवर गुरगुरतंय."

 विहिरीपासून इथवरचा नळ, वर त्याने स्वतः बुजवलेल्या चौथ्या उसाशाची पोकळी, सगळीकडे किती पाणी तुंबलं असेल ह्याचा कुणालाच अंदाज नव्हता. दोर त्याच्या हातात होता. एकदा ओढला असता तर सत्तार वर आला असता. छगनने मान वळवून मागे बघितलं. आसाराम, झुंबरबाई, पन्नासएक माणसं रिकामे हंडे घेऊन उभी होती. सगळ्यांनी ते शब्द ऐकले होते, आणि सगळ्यांचे डोळे तोंडाकडे लागले होते.

"वर येतोस का?" छगनने विचारलं. त्याला स्वतःलाच आपला आवाज लेचापेचा वाटला.

"दोन घाव ऱ्हायलेत," सत्तार म्हणाला.

छगनने दोर ओढला नाही.

पहिला घाव ऐकू आला. दुसरा ऐकू आलाच नाही. त्याऐवजी जमिनीच्या पोटात धप्पकन काहीतरी आपटलं आणि तोंडातून गार, कुजका वारा छगनच्या चेहऱ्यावर आला. मागोमाग घरघर. दोराला हिसका बसला. एक, दोन, तीन. छगनने आणि आसारामांनी मिळून दोर खेचला. पंजे वर आले, कोपरं आली, डोकं आलं. चेहरा चिखलाने काळा. खांदे तिरके होऊन सुटले. आणि छाती अडकली.

"वारा सोड," छगन ओरडला. "सत्तार, वारा सोड."

सत्तारने वारा सोडला आणि त्याला खोकला आला. खोकल्यासरशी छाती फुगली आणि दगडात गच्च बसली. परत सोडला, परत खोकला. आत पाणी चढत होतं. शिळेखालून त्याचा डचमळण्याचा आवाज येत होता. सत्तारचे डोळे बाहेर आले होते आणि तो छगनकडे बघत होता.

"घण आना," कुणीतरी म्हणालं. "शिळा फोडा." आसारामांनी घण उचललासुद्धा.

"हात लावू नका. घुमट त्याच्या अंगावर बसंल." छगनने घण पकडला. मग त्याने जे केलं ते त्याला पुढे कधी कुणाला नीट सांगता आलं नाही. त्याने सत्तारच्या कानाशी तोंड नेलं. "खाली जा. खाली जाऊन खोकून घे, मग हात वर कर." आणि सत्तारच्या डोक्यावर दोन्ही तळवे ठेवून त्याने त्याला त्या तोंडातून परत खाली, पाण्यात लोटलं.

मागे मेहताब उभी राहिली. 

छगन दोर धरून तोंडात बघत होता. आत काळोख आणि काळोखात हलणारं पाणी. घुमटाखाली हातभर जागा उरली असेल. तिथे खोकला घुमत होता, एकसारखा, मग तुटक, मग थांबला. पाणी शिळेच्या खालच्या अंगाला टेकलं तेव्हा दोन पंजे वर आले. छगनने मनगटं धरली, टाचा शिळेला रोवल्या आणि सगळं अंग मागे टाकलं. सत्तार बाहेर आला. दोन्ही बरगड्यांवरचं कातडं दगडाला राहिलं.

त्याच वेळी हौदाकडून आरोळी आली. पाणी पोचलं होतं. उभी होती ती माणसं धावली, हंडे एकमेकांवर आपटत. आसारामही गेले. झुंबरबाई तेवढी चार पावलं जाऊन थांबली, मागे वळून बघितलं आणि मग तीही गेली.

उंबराखाली तिघंच राहिली. सत्तार कुशीवर पडून खोकत होता. छगनने त्याचं डोकं मांडीवर घेतलं तर त्याच्या धोतरावर रक्त पडलं. बरगडीचं नव्हे. तोंडातून आलं होतं, फेसाळ, लालभडक.

"कवापास्नं?" छगनने विचारलं.

"पोळ्यापास्नं." सत्तारला बोलायला वेळ लागत होता. "पैल्यांदा थोडं पडायचं."

"आन् मला सांगितलं न्हाईस. उतरलास कशाला मग?"

सत्तार बराच वेळ श्वास घेत राहिला. "मागल्या म्हैन्यात मी एकटाच हितं आल्तो. म्हटलं बघावं. घातले पाय, आन् सरळ आत गेलो. तवाच कळलं मला किती झालंय ते. म्हटलं, आता मावतोयच तर कामाला तरी यावं."

मेहताबने पदर भिजवून त्याचं तोंड पुसलं. "मी त्यांचा सदरा तीनदा आत घेतला, छगनभाऊ," ती म्हणाली. "दर येळी मनाला सांगितलं, मिलो खाऊन सगळंच गाव वाळलंय."

दुसऱ्या दिवशीच्या एसटीने छगनने दोघांना नगरच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी छातीचा फोटो उजेडाला धरून दाखवला. छगनला त्यातलं काही कळलं नाही, पण एका बाजूला फासळ्यांच्या मागे नुसतं पांढरं होतं, चुना फासल्यासारखं. इंजेक्शनं चालू केली. मेहताब तिथेच राहिली.

गावात चार दिवस पाणी धो-धो आलं, मग निम्म्यावर आलं. सुटलेल्या मुळ्यांचा बोळा वाहत जाऊन सहाव्या उसाशाच्या अलीकडे बसला होता. आसाराम संध्याकाळी छगनच्या ओट्यावर येऊन टेकले. सत्तारची चौकशी केली, मनापासून केली. मग म्हणाले, "सहाव्याचं तोंड बी तेवढंच हाय. कोन मावंल?"

"कुनी न्हाई," छगन म्हणाला.

पण सकाळी खडीवर आसाराम हजेरी घेत उभे होते तेव्हा छगनला दिसलं, की ते नाव पुकारतात आणि माणूस पुढे आला की त्याच्या तोंडाकडे न बघता खांद्यांकडे बघतात. पुरुषांच्या, मग बायांच्या. आणखी दोन दिवसांनी बाकीचेही एकमेकांकडे तसंच बघायला लागले. कोण किती उतरलंय. जी गोष्ट वर्षभर कुणाच्या नजरेत आली नव्हती ती आता सगळे मोजत होते.

तिसऱ्या दिवशी झुंबरबाई छगनच्या दारात आली. खरचटलेली कोपरं पदराखाली घेत म्हणाली, "छगनदादा, मी मावते. काल जाऊन बघून आले. दोर तेवढा तुमी धरा."

छगन तिच्याकडे बघत राहिला. तिच्या दंडातली चांदीची वाकी घसरून कोपराशी आली होती. "खोकला हाय का तुला?" त्याने विचारलं.

तिने वाकी परत दंडावर सरकवली. मग म्हणाली, "थोडा हाय."

छगन उठला, कुदळ-फावडं घेतलं आणि सहाव्या उसाशावर गेला. शिळेला हात न लावता त्याने दहा पावलांवरून, बाजूने खणायला सुरुवात केली. मुरूम कडक होता. पहिल्या दिवशी गुडघाभर खड्डा झाला. झुंबरबाई आपणहून पाटी घेऊन आली आणि माती ओढायला लागली. छगन तिला जा म्हणाला, ती गेली नाही. मग त्याने तिला वर, वाऱ्याच्या अंगाला बसायला लावलं आणि नुसता पाटीचा दोर हातात दिला. तिसऱ्या दिवशी आसाराम आले. खड्ड्याच्या काठावर उभे राहून बराच वेळ बघितलं, टोपी काढून ठेवली आणि खाली उतरले. मग खडीवरची माणसं पाळीपाळीने यायला लागली.

चौदाव्या दिवशी दुपारी टेम्पोतून मेहताब आली. सत्तारला घेऊन आली. गावाबाहेरच्या कब्रस्तानात त्याची कबर खणायला छगनच पहिला उतरला. ती चांगली रुंद खणली. कुणी म्हणालं एवढी कशाला, तरी तो खणत राहिला.

त्यानंतर तिसऱ्या दिवशी उसाशाची बाजूची भिंत लागली. छगनने तिच्यावर लाकडी टेकू दिले, एक-एक दगड हाताने काढला आणि कुंडी उघडी पडली. मुळ्यांचा बोळा एका अंगाने ओढत काढला, तो अकरा हात लांब भरला. आत कुणाला बसावं लागलं नाही. पाण्याला वाट झाली तेव्हा सगळे बाजूला सरून उभे होते, उजेडात. दार केवढं ठेवायचं असं आसारामांनी विचारलं, तर छगन दोन्ही कोपरं बाहेर काढून मध्ये उभा राहिला आणि तेवढ्यावर कोळशाने खुणा केल्या.

मेहताब त्यानंतर चौथ्या-पाचव्या दिवशी तिथे आली. छगन पायऱ्या बसवत होता. ती दारातून आत डोकावली, वाहतं पाणी बघितलं, मग खणलेल्या मातीचा ढीग बघितला.

"किती दिवस लागले?" तिने विचारलं.

"सतरा," छगन म्हणाला.

मेहताबने मान हलवली.  "सतरा दिवस आपन थांबलो असतो की वो, छगनभाऊ."

 छगनने थापी चुन्यात बुडवली आणि पुढच्या पायरीचा दगड हातात घेतला. तो बसवेपर्यंत मेहताब तिथेच उभी होती.